जावामध्ये एकटीने फिरताना नासी गोरेंग कुठे खावा, कसा मागावा

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: जकार्ता, योग्यकर्ता, सुराबाया आणि शेवटी बाली असा दोन आठवड्यांचा प्रवास कोणत्याही टूर कंपनीशिवाय एकटीने करायचा आहे आणि नासी गोरेंग, म्हणजे इंडोनेशियातला परतलेला भात, तिथले लोक खातात तसा रस्त्यावरच्या गाडीवर खायचा आहे. आपल्याला अंडे, कोंबडी आणि मासे चालतात. गोमांस आणि डुकराचे मांस चालत नाही. पोट नाजूक आहे, आणि मैत्रिणीने हॉटेलाबाहेर काहीही खाऊ नकोस असे बजावले आहे. ‘खरा’ नासी गोरेंग कोणत्या दुकानात मिळेल, तो खाणे सुरक्षित आहे का आणि येताना घरी काय आणावे, हे आपले तीन प्रश्न आहेत.

मी व्यवसायाने स्वयंपाकी आहे. जावामधल्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत मी काही वर्षे काम केले आहे आणि आता तिकडे स्वतंत्रपणे जाणाऱ्या मराठी प्रवाशांना खाण्यापिण्याबाबत मार्गदर्शन करते. या अनुभवावरून सांगते की आपली खरी अडचण दुकानाचे नाव माहीत नसणे ही नाही. नासी गोरेंग जावामध्ये जवळजवळ प्रत्येक गल्लीत मिळतो. समोर उभी असलेली गाडी खाण्याजोगी आहे की नाही हे पाच मिनिटांत कसे ओळखावे आणि आपल्याला न चालणारे पदार्थ भाषा येत नसताना भातात पडण्यापूर्वी कसे थांबवावे, ही खरी अडचण आहे. या दोन्ही बाबतींत गाडी आपल्या बाजूची आहे. गाडीवर भात एकावेळी एकदोन ताटांपुरताच परतला जातो, तोही आपल्या डोळ्यांदेखत. हॉटेलाच्या नाश्त्याला झाकणाच्या भांड्यात ठेवलेला भात कधी शिजवला, कधी परतला आणि त्यात काय घातले हे आपल्याला दिसत नाही. मैत्रिणीचा सल्ला काळजीपोटी दिलेला आहे, परंतु तो जागेवरून सुरक्षितता ठरवतो आणि माझ्या मते ती पाहण्यावरून ठरवावी.

आधी ‘खरा’ या शब्दाविषयी. नासी गोरेंगची एकच प्रमाण पाककृती नाही. मोठ्या आचेवर पदार्थ परतण्याची पद्धत चिनी लोकांबरोबर या बेटांवर आली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तिला जावामध्ये केचप मानिस, म्हणजे पामच्या गुळाचा घट्ट, गोडसर सोया सॉस, आणि बुंबू, म्हणजे छोटे कांदे, लसूण व मिरची यांचे वाटण, यांची जोड मिळाली आणि पदार्थाची ओळख बदलली. 2018 मध्ये इंडोनेशियाच्या पर्यटन मंत्रालयाने देशाचे पाच राष्ट्रीय पदार्थ ठरवले, त्यांत रेंदांग, साते, सोतो आणि गादो-गादो यांच्याबरोबर नासी गोरेंगही आहे. तरीही शहर बदलले की ताटातला भात बदलतो. योग्यकर्ता आणि मध्य जावामध्ये तो गडद तपकिरी आणि गोडसर असतो, तर पूर्व जावामध्ये, म्हणजे सुराबायाच्या बाजूला, टोमॅटो आणि मिरचीच्या सॉसमुळे तो बऱ्याचदा लालसर दिसतो. जकार्तामध्ये कबोन सिरिह भागातला बोकडाच्या मांसाचा, मिन्याक सामिन म्हणजे तूप आणि गरम मसाले घातलेला नासी गोरेंग कांबिंग प्रसिद्ध आहे. त्यात गाय किंवा डुक्कर नसल्याने बोकडाचे मांस खाणाऱ्या पाहुण्यांना मी तो आवर्जून सुचवते. आपण यादीत बोकड लिहिलेला नाही, तेव्हा ते आपण ठरवावे. आपल्या मार्गावर या निदान तीन तऱ्हा येतात, त्यामुळे एका प्रसिद्ध दुकानामागे धावण्यापेक्षा प्रत्येक शहरात एकदा खाणे अधिक समाधानाचे होईल.

आता पोटाचा विषय, कारण निर्णय मुख्यतः त्यावर अवलंबून आहे. परतलेल्या भातातला खरा धोका शिळ्या भाताचा असतो, आणि तो कसा निर्माण होतो हे समजून घेतल्यास बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. कच्च्या तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि भात शिजवल्याने ते मरत नाहीत. शिजलेला भात तासन्‌तास कोमट अवस्थेत पडून राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारे त्यांचे विष उष्णतेला इतके टिकाऊ असते की भात पुन्हा कितीही मोठ्या आचेवर परतला तरी ते जात नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये फ्राइड राइस खाल्ल्यानंतर झालेल्या उलट्यांच्या घटनांमधून हा संबंध ठळकपणे पुढे आला. म्हणून ‘समोर गरमागरम परतून दिले, म्हणजे सगळे मेले असेल’ हा आपल्याकडचा सर्वसाधारण समज भाताच्या बाबतीत अपुरा आहे. कढईत पडण्यापूर्वी भात किती वेळ आणि कसा ठेवलेला होता, हे आचेइतकेच महत्त्वाचे आहे.

या पदार्थाला निवलेला, मोकळा भात लागतोच, कारण ताजा वाफाळता भात कढईत चिकटतो आणि त्याचा गोळा होतो. घरोघरी म्हणूनच रात्रीचा उरलेला भात सकाळी नाश्त्याला परततात. गाडीवाल्यांचे वेगळे असते. मी ज्यांना जवळून पाहिले ते दुपारी भात शिजवत, पसरून निववत, झाकणाच्या डब्यात भरत आणि संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर गाडी लावत. खप चांगला असेल तर नऊ-दहापर्यंत डबा रिकामा होत असे. यावरून माझा पहिला नियम निघतो: संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ या वेळात, जिथे स्थानिक लोक रांगेत उभे आहेत किंवा पार्सल नेत आहेत अशा गाडीवर खावे. इथे रांगेचा संबंध चवीपेक्षा भात लवकर संपण्याशी आहे. मध्यरात्रीच्या सुमारास, गिऱ्हाईक नसलेल्या गाडीवर, तळाशी उरलेला भात मागू नये.

गाडीजवळ गेल्यावर लगेच मागणी करू नका. आधी दुसऱ्या कोणाचा तरी भात होताना पाहा. कढई, जिला तिथे वाजान म्हणतात, धूर येईपर्यंत तापते. तेलात चमचाभर वाटण पडते आणि लसणाचा वास रस्त्यापर्यंत येतो. अंडे फोडून कडेला ढकलले जाते, त्यावर वाडगाभर भात येतो आणि उलथन्याच्या पाठीने त्याची ढेकळे मोडली जातात. चांगला गाडीवाला केचप मानिस भातावर ओतत नाही. तो कढईच्या उघड्या, तापलेल्या कडेवर धार सोडतो. तिथे त्यातली साखर क्षणात करपायला लागते आणि तो ते भाताबरोबर झटकन फिरवतो, त्यामुळे भाताला धुराचा किंचित कडवट वास लागतो. तोच या पदार्थाचा प्राण आहे आणि मंद आचेवरच्या मोठ्या घाण्यात तो येत नाही. हे सगळे तीन-चार मिनिटांत होते. तेवढ्या वेळात भात डब्यातून मोकळा पडतो आहे की चिकट, ओलसर गोळ्याने निघतो आहे, डब्याला झाकण आहे का, चिरलेली कोंबडी उघडी पडलेली आहे का, पैसे घेणारा हात तसाच भाताला लागतो आहे का, हे सगळे दिसते. भाताला आंबूस वास आला किंवा तो बुळबुळीत दिसला, तर नम्रपणे हसून पुढे जावे. पुढच्या चौकात दुसरी गाडी असतेच.

कढईतल्या भातापेक्षा ताटाच्या कडेला जे येते त्याने पोट बिघडण्याचा संभव मला अधिक वाटतो. काकडी, गाजर आणि कांद्याचे आचार, म्हणजे तिथले लोणचे, काकडीच्या चकत्या आणि कोबीची पाने कोणत्या पाण्यात धुतली हे आपल्याला कळत नाही, म्हणून पहिले तीन-चार दिवस ते बाजूला ठेवा. वरचे अंडे बऱ्याचदा अर्धे कच्चे असते. ‘मातांग’ म्हटले की पूर्ण शिजवून मिळते. बहुतेक ठिकाणी गाडीवर ताटे बादलीत विसळतात, परंतु अनेक गाडीवाले ताटावर तपकिरी कागद घालून त्यावर भात वाढतात आणि तशी गाडी निवडता आली तर उत्तम. नाहीतर ‘बुंगकुस’ म्हणावे, म्हणजे भात मेणकागदात बांधून मिळतो. रात्री एकटीला रस्त्यावर बसणे नकोसे वाटले तरीही हाच मार्ग सोयीचा आहे. मात्र बांधून आणलेला भात लगेच खावा, सकाळसाठी ठेवू नये, कारण वर सांगितलेले सगळे मग आपल्याच खोलीत घडते. पाणी बाटलीचे प्यावे आणि नळाचे टाळावे. कारखान्यातून येणारा, मधे भोक असलेला नळीच्या आकाराचा बर्फ मोठ्या लादीतून फोडलेल्या बर्फापेक्षा अधिक भरवशाचा असतो; शंका वाटल्यास गरम चहा मागावा.

आपले पोट नेमके किती नाजूक आहे यावर पुढचे काही अवलंबून आहे. प्रवासात एरवी थोडे फार बिघडते आणि सावरते, एवढेच असेल तर वरची काळजी पुरेशी आहे. परंतु आतड्याचा जुना आजार, गर्भारपण, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे यांपैकी काही असेल तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे आणि गाडीऐवजी स्वच्छ, बसून खाण्याच्या वारुंगमध्ये, म्हणजे छोट्या खानावळीत, ताजा परतून घ्यावा. त्रास झालाच तर तिथल्या औषधाच्या दुकानात, ज्याला आपोतेक म्हणतात, ‘ओरालित’ मागावे; ते आपल्याकडचे ओआरएस आहे. ताप, शौचातून रक्त, किंवा पाणीही पोटात न टिकणे यांपैकी काही दिसल्यास वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

दुसरा भाग मागणीचा. जावामध्ये बहुसंख्य लोक मुसलमान असल्याने साध्या गाडीवर डुकराचे मांस नसते. बालीमध्ये मात्र ते सर्रास खाल्ले जाते आणि जावामधल्या काही चिनी उपाहारगृहांतही असते. तेव्हा बालीमध्ये ‘हलाल’ किंवा ‘वारुंग मुस्लिम’ अशी पाटी पाहावी, किंवा ‘बाबी’, म्हणजे डुकराचे मांस, आहे का असे विचारावे. गोमांसाच्या बाबतीत ही पाटी उपयोगी पडत नाही, कारण ते मुसलमान खानावळीत चालते. नुसता ‘नासी गोरेंग आयाम’ मागितला तर कोंबडी येते. पण ‘स्पेशियाल’ किंवा ‘गिला’ असे नाव असेल तर त्यात सॉसेज, डबाबंद कॉर्नड बीफ आणि बाक्सो नावाचे मांसाचे गोळे असू शकतात, आणि हे गोळे बहुधा गोमांसाचे असतात. ‘बाबात’ म्हणजे गुरांच्या पोटाचा भाग. तो मध्य जावामधल्या सेमारांग शहराकडे आवडीने खातात, आपण तो टाळावा. ‘तांपा’ म्हणजे शिवाय, ‘सापी’ म्हणजे गाय आणि ‘सोसिस’ म्हणजे सॉसेज; ‘तांपा सापी, तांपा बाक्सो, तांपा सोसिस’ एवढे म्हटले की बहुतेक काम होते. याच्या उलट ‘तलुर माता सापी’ असे वाचून घाबरू नका. ते साधे तळलेले अंडे आहे.

एक बारीक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण माझ्या पाहुण्यांचा सर्वात जास्त गोंधळ तिथेच झाला आहे. ‘दागिंग’ म्हणजे मांस असे प्रवासी पाठ करून जातात आणि ‘तांपा दागिंग’ म्हणतात. गाडीवाल्याच्या दृष्टीने दागिंग म्हणजे मुख्यतः गोमांस, त्यामुळे तो कोंबडी प्रामाणिकपणे घालतो. आपल्याला कोंबडी चालते म्हणून आपली अडचण होणार नाही, परंतु हे उत्तर वाचणाऱ्या शाकाहारी मंडळींनी ‘तांपा आयाम’, ‘तांपा तरासी’ आणि ‘तांपा उदांग’ असे एकेक नाव घेऊन सांगावे. उदांग म्हणजे कोळंबी आणि तरासी म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा. कोकणातल्या घरात जवळा भाजताना येणारा वास ज्यांच्या ओळखीचा आहे त्यांना तो लगेच कळेल. तो वाटणातच मिसळलेला असला तर वेगळा काढता येत नाही. याशिवाय चिमूटभर घातली जाणारी मसाला पावडर बऱ्याचदा कोंबडीच्या किंवा गोमांसाच्या चवीची असते. मासाको आणि रॉयको या दोन्हींच्या अशा पुड्या सर्वत्र दिसतात. गोमांस कटाक्षाने टाळणाऱ्यांनी, म्हणजे आपणही, गाडीवर पुडी दिसल्यास तिच्याकडे बोट दाखवून नको म्हणावे; पुडीवर ‘सापी’ की ‘आयाम’ लिहिले आहे ते मोठ्या अक्षरांत असते. कढई सर्वांसाठी एकच असते, आणि ज्यांना तेवढेही चालत नाही त्यांनी शहरातली शाकाहारी बौद्ध उपाहारगृहे शोधावीत. कोळंबीची खरी ॲलर्जी असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: गाडीवरचा नासी गोरेंग खाऊ नये, कारण तरासी, सुकी कोळंबी, कोळंबीचे क्रुपुक, म्हणजे तळलेले कुरकुरीत पापड, आणि सामाईक कढई या चारही वाटांनी ती येऊ शकते.

तिखटपणाचे आपण विचारले नाही, पण गाडीवाला आपल्याला विचारणारच. ‘पडास?’ या प्रश्नाला मान डोलावली तर चाबे रावित नावाच्या लहान मिरच्या पडतात, आणि तिखट खाण्याची सवय असलेल्या मराठी माणसालाही त्या जड जाऊ शकतात. ‘सदिकित’ म्हणजे थोडे आणि ‘तिदाक पडास’ म्हणजे तिखट नको. मध्य जावामध्ये गोडवा जास्त वाटला तर ‘केचप सदिकित’ म्हणावे. हाक मारताना जावामध्ये तरुण पुरुषाला ‘मास’, तरुणीला ‘म्बाक’, वडीलधाऱ्यांना ‘पाक’ आणि ‘बू’ म्हणतात. या एका शब्दाने बोलण्याचा सूर लगेच आपुलकीचा होतो आणि सूचना लक्षपूर्वक ऐकली जाते. आपल्याला न चालणाऱ्या पदार्थांची यादी इंडोनेशियन भाषेत फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि कढई तापण्यापूर्वी दाखवा, कारण एकदा भात परतायला लागला की गाडीवाल्याची नजर आचेवरच असते.

पैशांचे फार अवघड नाही. गाडीवर साधारण पंधरा ते पंचवीस हजार रुपियाह, म्हणजे अंदाजे ऐंशी ते दीडशे रुपयांच्या आत, ताट मिळते; बालीमधल्या पर्यटकांच्या कॅफेत त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतात आणि वर कर व सेवाशुल्क येते. गर्दीच्या पर्यटनरस्त्यावर किमतीचा फलक नसेल तर बसण्यापूर्वी ‘बरापा?’, म्हणजे ‘किती?’, असे विचारावे. सुट्टे पैसे जवळ ठेवावेत. संध्याकाळी पहिल्याच गिऱ्हाइकाने लाखाची नोट दिली तर गाडीवाल्याची खरोखर अडचण होते. प्रवास रमजानमध्ये येत असेल तर दिवसा बऱ्याच खानावळी बंद असतात किंवा पडदा लावून चालतात आणि खरी लगबग सूर्यास्तानंतर सुरू होते.

आपल्या मार्गापुरते थोडक्यात सांगायचे तर मी असा क्रम लावीन. जकार्तामध्ये पहिल्या रात्री शरीर थकलेले असते, म्हणून राहत्या जागेजवळच्या गर्दीच्या वारुंगमध्ये साधा कोंबडीचा नासी गोरेंग घ्यावा. योग्यकर्त्याला जाताना रेल्वेत मिळणारा नासी गोरेंग तिथले प्रवासी हौसेने खातात. तो ठीक असतो, पण त्यासाठी भूक राखून ठेवू नये. भूक योग्यकर्त्यासाठी राखावी. तिथे बाकमी जावा, म्हणजे जावा पद्धतीच्या शेवया, करणारे लोक आंग्लो नावाच्या मातीच्या शेगडीवर कोळशाच्या आचेवर एकेक ताट करतात आणि त्यांच्याकडेच नासी गोरेंग आणि भात-शेवया एकत्र परतलेला ‘मागलांगान’ही मिळतो. तिथे वाट पाहावी लागते, कधी तासभरही, परंतु कोळशाच्या धुराचा जो वास त्या भाताला लागतो तो गॅसवर येत नाही, आणि आपल्या सगळ्या प्रवासात एकच ताट खाता येणार असेल तर मी ते इथे खाल्ले असते. सुराबायामध्ये लालसर प्रकार घ्यावा. रात्री गल्लीतून उलथन्याने कढईवर टक-टक आवाज करीत फिरणारी गाडी, म्हणजे तेक-तेक, आली तर तिच्यावरही वरचेच निकष लावावेत. बालीमध्ये पूर्व जावाहून आलेल्या विक्रेत्यांच्या हलाल गाड्या शोधाव्यात. कॅफेमधला भात तिथे दिसायला सुंदर, पण चवीला बेताचाच असतो.

घरी आणण्यासाठी सुपरमार्केटमधून केचप मानिसची प्लास्टिकची बाटली घ्यावी. बांगो आणि एबीसी या दोन्ही नावांच्या सहज मिळतात. शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली विमानात हातातल्या सामानात चालत नाही, म्हणून ती घट्ट झाकून, पिशवीत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकावी. नासी गोरेंगच्या तयार वाटणाची पाकिटे घेणार असाल तर मागच्या बाजूची घटकांची यादी वाचा आणि त्यात ‘सापी’, ‘बाबी’, ‘उदांग’ हे शब्द आहेत का ते फोनवर तपासा, म्हणजे घरात कोणाला काय वाढता येईल हे दुकानातच ठरवता येईल.